प्लास्टर निघालं, पण मूल अजून लंगडतंय: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

एका ताईंनी विचारलंय. त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा घराच्या जिन्यावरून पडला आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. डॉक्टरांनी भूल देऊन छातीच्या खालपासून उजव्या पावलापर्यंत आणि डाव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. ते सहा आठवडे होतं. काढून आता १८ दिवस झालेत. मुलगा पलंगाला धरून उभा राहतो, चार-पाच पावलं टाकतो, पण लंगडतो. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. मांडी बारीक झालीये आणि तिच्यात एक टणक गाठ हाताला लागते. डॉक्टर म्हणाले, "पाय सेंटिमीटरभर आखूड आहे, काही होत नाही." ताईंची झोप तिथून उडाली. सासूबाई म्हणतात मालीश सुरू कर, शेजारच्या काकू हाडवैद्याचा पत्ता देतात, दीर म्हणतात तेव्हाच ऑपरेशन करून सळई टाकायला हवी होती. आणि शेवटचा प्रश्न: "माझ्या मुलाचा पाय कायमचा अधू राहील का?"

ताई, नाही राहणार. मी मुलाला तपासलेलं नाही, एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं, अगदी ती गाठसुद्धा, या वयातल्या मांडीच्या हाडाच्या नेहमीच्या प्रवासात बसतं. लहान मुलांची हाडं बघण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. प्लास्टर निघाल्यानंतरचा महिना हा आईबापांसाठी मोडलं त्या दिवसापेक्षा जड जातो, हे मी दर वेळी पाहतो. मोडलं तेव्हा सगळे धावतात. प्लास्टर निघालं की सगळ्यांना वाटतं आता मूल पळायला लागेल. आणि ते पळत नाही.

आधी त्या सेंटिमीटरबद्दल, कारण तुम्हाला तेच सलतंय.

मांडीचं हाड मोडलं की सभोवतालचे स्नायू आखडतात आणि तुटलेली दोन टोकं एकमेकांवर थोडी सरकतात. मोठ्या माणसात आम्ही ती लांबी पूर्ण भरून काढायच्या मागे असतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलात तसं करत नाही, आणि यामागे कारण आहे. हाड जुळायला लागलं की त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, आणि ते वाढलेलं रक्त हाडाच्या दोन्ही टोकांना असलेल्या वाढीच्या चकत्यांनाही मिळतं. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते. तिला जास्तीचं खाद्य मिळालं की मोडलेलं हाड न मोडलेल्यापेक्षा वेगाने वाढतं. पुढच्या दीड-दोन वर्षांत ते साधारण एक सेंटिमीटर जास्तीचं वाढून घेतं; कुणात थोडं कमी, कुणात थोडं जास्त. म्हणजे आज टोकाला टोक लावून बरोबर लांबी ठेवली असती, तर शाळेत जायच्या वयात तो पाय सेंटिमीटरभर लांब झाला असता. तुमच्या डॉक्टरांनी ते सेंटिमीटर चुकून राहू दिलेलं नाही. या वयात दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत आखूडपणा आम्ही समजून-उमजून स्वीकारतो.

तेव्हा कृपा करून रोज रात्री मूल झोपल्यावर दोन्ही टाचा जुळवून बघू नका. मला माहीत आहे, तुम्ही बघताय. तो आकडा आत्ता खराही नाही. इतके आठवडे खुबे फाकवलेल्या अवस्थेत राहिल्यामुळे मांड्यांचे स्नायू एका बाजूला ताठलेले असतात, कंबर थोडी तिरपी राहते, आणि तिरप्या कमरेवर मोजलेले पाय कधी आखूड तर कधी लांबसुद्धा दिसतात. टेपने मोजायचं झालं तर कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजावं लागतं, आणि साडेतीन वर्षांचं पोर तेवढा वेळ सरळ पडत नाही. खरं मोजमाप दोन वर्षांनी. तोवर बुटाखाली उंची लावायची गरज नाही. कुणी सुचवलं तरी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

ती गाठ म्हणजे जुळलेलं हाड. तुटलेल्या जागेभोवती शरीर नव्या हाडाचा गोळा घालतं. पाण्याच्या पाइपाला गळती लागली की प्लंबर बाहेरून जाड लेप देतो, तसाच. आधी मऊ, मग कडक. मांडी बारीक झाल्यामुळे तो आता जास्तच हाताला लागतो. वर्ष-दीड वर्षात शरीर त्याला आतून-बाहेरून तासून आणतं. थोडं वाकडं जुळलेलं हाडसुद्धा मुलांमध्ये बरंचसं सरळ होतं. दहा-पंधरा अंशांचा बाक एक्स-रेत बघून पालक घाबरतात. तोच एक्स-रे तीन वर्षांनी काढला तर कुठे मोडलं होतं ते शोधावं लागतं. आमच्या शाखेचं 'ऑर्थोपेडिक' हे नावच मुलांवरून पडलंय: निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली ग्रीक भाषेतले 'सरळ' आणि 'मूल' हे दोन शब्द जोडून ते केलं. त्याच्या पुस्तकातलं खांबाला बांधलेल्या वाकड्या रोपाचं चित्र आजही आमच्या संघटनांच्या बोधचिन्हांवर असतं. वाढणारी गोष्ट सरळ होऊ शकते, हे आमच्या कामाचं निम्मं भांडवल आहे.

एक गोष्ट मात्र वाढीने फारशी सुधारत नाही: पीळ. हाडाचा खालचा तुकडा वरच्या तुकड्याच्या तुलनेत फिरून जुळला असेल तर तो तसाच राहतो. म्हणून तुम्ही लिहिलेल्या सगळ्या तक्रारींत मी लक्ष देईन ते पावलाच्या बाहेर वळण्याकडे. घाबरू नका. प्लास्टरमध्ये दोन्ही पाय फाकलेले आणि जरा बाहेर वळलेले ठेवतात, खुब्याला तीच सवय लागते, आणि सुरुवातीचे काही आठवडे जवळजवळ सगळीच मुलं पाऊल बाहेर टाकून चालतात. शिवाय तसं चाललं की तोल बरा सांभाळतो. हे आपोआप जातं. पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवण करून द्या की मुलाला पालथं झोपवून, गुडघे वाकवून, दोन्ही खुबे किती आत-बाहेर फिरतात ते एकदा ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. थोडा फरक निघाला तरी खुबा तो सांभाळून घेतो. बराच निघाला तर तो आत्ता नोंदवून ठेवलेला बरा.

आता लंगडण्याबद्दल. पडल्यापासून साठ दिवस झाले. त्यातले बेचाळीस दिवस तुमचा मुलगा उताणा, पालथा, उताणा असा होता. मांडीचा स्नायू आठवड्याभरातच बारीक व्हायला लागतो. खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू, जे एका पायावर उभं राहिलं की कंबर सरळ धरतात, तेही दुबळे होतात. म्हणून उजव्या पायावर भार आला की त्याचं अंग उजवीकडे झुकतं. तुम्हाला दिसणारं लंगडणं बहुतेक हेच आहे. त्यात लांबीचा वाटा अगदी थोडा, दुखण्याचा जवळपास नाही. आणि एक वाटा भीतीचा असतो, त्याच्याबद्दल पुढे लिहितो. माझ्याकडची बहुतेक मुलं प्लास्टर काढल्यावर चार ते सहा आठवड्यांत न धरता चालतात आणि लंगडणं दोन-तीन महिन्यांत विरत जातं. काहींचं सहा महिने रेंगाळतं, विशेषतः संध्याकाळी दमल्यावर. १८ व्या दिवशी धरून पावलं टाकतोय म्हणजे तो मागे पडलेला नाही.

व्यायाम काय करून घ्यायचा? इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीला अशाच एका चार वर्षांच्या मुलीचा गुडघा प्लास्टरनंतर वाकेना. मी मोठ्यांना सांगतो तसं तिच्या वडिलांना सांगितलं, दिवसातून तीनदा वाकवा, थोडं दुखलं तरी चालेल. दोन आठवड्यांनी ती दवाखान्याच्या दारातच किंचाळायला लागली. गुडघा आणखी ताठला होता, कारण कुणाचाही हात जवळ आला की ती पाय कडक करून धरायची. वडील रडत होते. रोज तीनदा आपल्याच लेकीला रडवून तेही खचले होते. मी सगळं बंद करायला लावलं. एका मोठ्या टबात कोमट पाणी भरा, तिला बसवा, खेळू द्या, पायाला हात लावू नका. दहा दिवसांनी ती उकिडवी बसून पाण्यात पेले भरत होती. त्या दिवसापासून मी लहान मुलाचा सांधा जबरदस्तीने वाकवायला कुणालाही सांगितलेलं नाही.

या वयाचं मूल हाच त्याचा स्वतःचा फिजिओथेरपिस्ट असतो. त्याला फक्त जागा लागते, आणि ती जागा म्हणजे जमीन. पलंगावर, सोफ्यावर, आजीच्या मांडीवर पाय सुधारत नाही. हॉलमधलं टीपॉय बाजूला करा, सतरंजी अंथरा आणि त्याला खाली सोडा. तो आधी ढुंगणावर सरकेल, मग रांगेल, मग धरून उभा राहील, मग भिंतीच्या कडेने आडवा चालेल. वर्षाचा असताना जे सगळं केलं होतं तेच पुन्हा करेल, पण भराभर. त्याला मध्येच बगलेत धरून चालवू नका. तसं धरलं की त्याचं वजन तुमच्या हातावर येतं, पायावर येतच नाही. आवडती गाडी सोफ्यावर ठेवा, दुसरी खुर्चीवर. मधलं अंतर आज एक पाऊल, चार दिवसांनी दोन. तीनचाकी सायकल असेल तर उत्तम, तिच्याइतका छान गुडघ्याचा व्यायाम मी कुठल्या यंत्रात पाहिला नाही. अंगणात वाळूचा ढीग असेल किंवा कोकणात माहेर असेल तर वाळूवर अनवाणी चालू द्या. जिना मात्र महिनाभर तुमचा हात धरूनच. उड्या, सोफ्यावरून उडी, मॉलमधल्या त्या उसळत्या जाळ्या, हे सगळं मोडल्यापासून तीन-चार महिने नको, कारण नवं हाड अजून पुरतं पिकलेलं नसतं आणि त्याच जागी पुन्हा मोडू शकतं. पुढे लंगडी खेळता आली की समजा खुबा परत आला. तोवर लंगडीची घाई नको. या वयात तशीही धड जमत नाही.

मालीशचं काय? सासूबाईंचं मन दुखवायची गरज नाही, त्यांच्या हाताला काम द्या. प्लास्टरखालची कातडी कोरडी पडलेली असते, तिचे पापुद्रे निघतात, खाज सुटते. आंघोळीनंतर खोबरेल तेल हलक्या हाताने चोपडायला काहीच हरकत नाही. आजीचा हात पायावरून फिरला की मुलालाही बरं वाटतं. पण चोपडणं वेगळं आणि चोळणं वेगळं. त्या गाठीवर दाब देऊन रगडायचं नाही, पाय ओढायचा नाही, मुरगाळायचा नाही. गरम विटेचा किंवा तव्यावरच्या फडक्याचा शेकही नको. मुलांची कातडी भाजते आणि मूल सांगत नाही.

हाडवैद्यांबद्दल मला आदराने पण स्पष्ट बोलायचंय. गावोगावी जेव्हा डॉक्टर नव्हते तेव्हा याच लोकांनी लोकांची हाडं सांभाळली, आणि लहान मुलाचं हाड बहुतेक वेळा कुणीही बांधलं तरी जुळतंच. त्यामुळे त्यांच्या हातगुणाची कीर्ती होते. पण घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांखाली रक्त थांबून काळे पडलेले पंजे माझ्यासमोर आलेत, आणि त्यातला एक आम्हाला वाचवता आला नाही. कोपर मोडल्यावर जोरात चोळल्यामुळे स्नायूतच हाड तयार होऊन कायमचा आखडलेला हातही मी पाहिलाय. तुमच्या मुलाचं हाड जुळलंय. आता कुणाकडेही नेऊन 'बसवून' घ्यायचं काही उरलेलं नाही. काकूंना तेवढं सांगा.

दिरांच्या सळईच्या प्रश्नाचं उत्तर वयात आहे. सहा महिन्यांपासून साधारण पाच वर्षांपर्यंत मांडीचं हाड मधोमध मोडलं तर जगभर पहिली पसंती या कमरेपासूनच्या प्लास्टरलाच असते. या वयात हाडावरचं वेष्टण जाड असतं, ते पूर्ण फाटत नाही, आणि हाड पाच-सहा आठवड्यांत जुळतं. पाच वर्षांनंतर मूल जड होतं, जुळायला वेळ लागतो, तेव्हा आम्ही दोन बारीक लवचिक सळया आतून घालतो. फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या सर्जननी १९८० च्या सुमारास ही पद्धत रुजवली आणि शाळकरी मुलांना त्यामुळे अंथरुणातून लवकर उठता आलं. पण त्यासाठी आधी घालायला भूल आणि नंतर काढायला पुन्हा भूल. साडेतीन वर्षांच्या मुलाला, हाड बाहेर आलेलं नसताना, दुसरी मोठी इजा नसताना, प्लास्टर हाच योग्य निर्णय होता. तुमच्या मुलाच्या जागी माझा नातू असता तर मीही तेच केलं असतं.

आता भीती. ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल दवाखान्यात बोलायला कुणाला वेळ नसतो.

प्लास्टर कापायचा दिवस तुम्हाला आठवत असेल. ती करवत गोल फिरत नाही, नुसती थरथरते, कातडी कापत नाही. पण आवाज करते एखाद्या गिरणीसारखा. मी आधी ती माझ्या तळहातावर टेकवून दाखवतो, मग आईच्या, मग मुलाच्या. तरी रडतातच. मग दोन्ही अंगाचे पत्रे उघडतात, आत कापूस पिवळा पडलेला, कधी त्यात चुरमुरे निघतात, कधी खडूचा तुकडा, एकदा आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू. आणि मूल आपल्या पायाकडे असं बघतं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. बारीक, पांढुरका, केसाळ. (केस वाढलेले दिसतात, ते पुढे गळून जातात.) कितीतरी मुलं दोन्ही हातांनी मांडी उचलून ठेवतात, पाय स्वतःहून हलवतच नाहीत. एका मुलीने मला विचारलं होतं, "हा तुटणार तर नाही ना?" प्लास्टर तिच्यासाठी घर झालं होतं, ते आम्ही काढून घेतलं. तिने कापलेल्या प्लास्टरचा वरचा अर्धा भाग घरी नेला आणि पंधरा दिवस उशाशी घेऊन झोपली. आईला मी म्हटलं, झोपू द्या.

तुमचा मुलगा रात्री दचकून उठत असेल. सांगत होता ती शी-शू आता पुन्हा चड्डीत करत असेल. तुम्ही नजरेआड गेलात की रडत असेल, बाटलीने दूध मागत असेल, बोबडं बोलत असेल. हे लाडावल्यामुळे होत नाही. दीड महिना जे मूल कूससुद्धा बदलू शकत नव्हतं, डायपरमध्ये परत गेलं होतं, ते थोडं मागे गेलंय आणि पुढे येईल. रागावू नका, दादा-ताईशी तुलना करू नका. बाहुलीला किंवा टेडीला प्लास्टर घालायचं आणि काढायचं, हा खेळ त्याच्याबरोबर खेळा. तो पुन्हा पुन्हा खेळायला मागेल. त्याला तो प्रसंग आपल्या हातात घेऊन बघायचा असतो. आणि त्याच्यासमोर फोनवर "बिचाऱ्याचा पाय आखूड झाला" असं बोलू नका. साडेतीन वर्षांच्या मुलाला सगळं कळतं.

खाण्याबद्दल थोडक्यात. हाड जुळण्यासाठी महागडी पावडर लागत नाही. या वयाला दिवसाला साधारण ५०० ते ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. दोन कप दूध किंवा तेवढं दही, नाचणीचं सत्त्व किंवा भाकरी, तीळ, यात ते सहज निघतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अळिवाचा लाडू, डिंकाचा लाडू जरूर द्या, पण अर्धा-अर्धा. अंडं, मासे, डाळ, म्हणजे प्रथिनं, याकडे जास्त लक्ष द्या, कारण स्नायू त्यावरच भरणार आहे. पायाचं सूप आवडत असेल तर द्या, मात्र त्याने हाड जुळतं ही समजूत सोडा. दिवसाला लिटरभर दूध पाजू नका. त्याने जेवण मरतं आणि रक्त कमी होतं. व्हिटॅमिन डीची कमतरता आपल्याकडच्या मुलांत खूप आहे, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं असेल तर द्याच. पण साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक अशी महिनोन्महिने, कुणीतरी सांगितलं म्हणून, देत राहू नका. ते अंगात साठतं आणि जास्त झालं की मूत्रपिंडाला बाधतं. उन्हात खेळू द्या, हातपाय उघडे ठेवून.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वाट न बघता दाखवा. ताप येऊन मांडी लाल-गरम होणं. दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणं. कालपर्यंत पाऊल टाकणाऱ्या मुलाने आज पायावर भारच न टाकणं, विशेषतः पुन्हा पडल्यानंतर. मांडी नव्याने वाकडी दिसणं. प्लास्टर काढून सहा आठवडे होऊनही उभं राहायलाच न बघणं. गुडघ्यात दुखतंय असं मूल म्हणालं तर खुबाही तपासून घ्या. खुब्याचं दुखणं मुलं गुडघ्यात सांगतात, आणि यात भले भले फसतात.

हे वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी दोन ओळी. एक ते तीन वर्षांचं मूल खेळताना पाय मुरगळून अचानक चालायचं थांबलं, पायाला सूज नाही, पहिला एक्स-रेही साफ, तरी पाऊल टाकत नसेल तर नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर असू शकते. ती दहा-बारा दिवसांनी, नवं हाड धरायला लागल्यावर, एक्स-रेत दिसते. मोठ्यांच्या मांडीत बसून घसरगुंडीवरून येताना मुलाचा बूट कडेला अडकतो आणि असं हमखास होतं. त्याला एकटं घसरू द्या, ते जास्त सुरक्षित आहे. आणि मोटारसायकलवर मागे बसवलेल्या मुलाचा पाय चाकात गेला तर जखम पहिल्या दिवशी छोटी दिसली तरी साधी समजू नका. टाचेवरची चिरडलेली कातडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळी पडते. मागच्या चाकाला जाळी लावून घ्या.

चालायला न लागलेल्या तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड मोडलं तर आम्ही डॉक्टर घरच्यांना बरेच प्रश्न विचारतो, कुणाजवळ होतं, कसं पडलं. त्याचा राग मानू नका. कधी हाडं जन्मतः ठिसूळ असतात, कधी मुडदूस असतो, आणि कधी त्या बाळाला घरातच कुणापासून तरी जपायला हवं असतं. विचारल्याशिवाय ते कळत नाही.

ताई, तुम्ही पत्राच्या कडेला लिहिलंय की तो पडला तेव्हा तुम्ही गॅसवर दूध ठेवलं होतं, दोनच मिनिटं पाठ वळली होती. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आईने मला ती दोन मिनिटं सांगितली आहेत. कुणी कपडे वाळत घालत होती, कुणी दार उघडायला गेली होती. साडेतीन वर्षांचं मूल जिना चढणारच. जिन्याच्या वर आणि खाली कमरेएवढं लाकडी फाटक बसवून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि ती दोन मिनिटं आता सोडून द्या.

पुढच्या तपासणीला जाताना एक करा. दवाखान्यात मुलं चालत नाहीत, कडेवरून उतरतच नाहीत, आणि डॉक्टरांना त्याची चाल कधी दिसतच नाही. आदल्या दिवशी सकाळी, तो ताजातवाना असताना, मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घ्या: एक समोरून, एक मागून. अर्धी चड्डी घालून, अनवाणी, फोन जमिनीजवळ धरून. त्याला सांगू नका. घरात कुणी तरी आवडतं दारातून आत येईल तेव्हा घ्या. त्या वेळी तो जसा चालेल, तीच त्याची खरी चाल.